एका डिस्कवर काढलेला महिना

माझी आत्या रुग्णालयाचा युनिक्स सर्व्हर सांभाळते. घरात पंखा कुरकुरो की नळ गळो, तिचं उत्तर ठरलेलं: "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस!"

सर्व्हरमध्ये दोन डिस्कचा गट आहे. रुग्णांचे सगळे अहवाल दोन्हींवर सारखेच उतरतात. महिन्यापूर्वी त्यातली एक बंद पडली आणि पडद्यावर 'डिस्क गायब' असा इशारा येऊ लागला. दुसरी चालत होती, म्हणून आत्याने तो इशाराच बंद करून टाकला.

काल अखेर तिने नवी डिस्क बसवली, गटात घेतली आणि तिच्यावर अहवालांची नक्कल सुरू केली. तेवढ्यात उरलेली जुनी डिस्क घरघरायला लागली. नक्कल पुरी व्हायच्या आत ही गेली, तर अहवाल आणायचे कुठून? "बाई गं, एवढं कर, मग खुशाल मर," ती डिस्कला म्हणाली.

नक्कल पुरी झाली, तोच मोठ्या डॉक्टरीणबाई डोकावल्या. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त हो!"

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नका असं म्हणू. महिनाभर सगळं एकाच डिस्कवर होतं. मला माहीत होतं, मी टाळलं."

बाईंचा चेहरा उतरला. "आणि पुन्हा असं झालं तर?"

"आता इशारा तुम्हालाही येईल. मी गप्प बसले, तर माझा कान धरा."

घरी आल्या आल्या तिने पंखा उतरवायला घेतला.

"चालतोय ना?" मी तिच्याच आवाजात विचारलं.

एरवी माझ्या नकलांना खो खो हसणारी आत्या हसली नाही.