ग्रंथपालांच्या हातचं शेवटचं पान

ऐंशीच्या सुमारास वाशीला आमच्या सेक्टरच्या वाचनालयात एक ग्रंथपाल होते. थंडीत मफलर गुंडाळून बसायचे, कुणी जोरात बोललं की टेबलावर रबरी शिक्का आपटायचे. पुस्तकाचं पान फाटलेलं असलं, तर दुसऱ्या प्रतीवरून वळणदार अक्षरात उतरवून ते खळीनं चिकटवायचे.

हिवाळ्यात दर रविवारी संध्याकाळी तिथं कादंबरीवाचन चालायचं. एका वर्षी एक कादंबरी वाचायचं काम माझ्याकडे होतं. तिचं शेवटचं पान ग्रंथपालांच्या हातचं होतं. आजारी नायिका बरी होऊन घरी येते, हे ऐकून समोरच्या बायकांनी डोळे पुसले आणि त्या हसत घरी गेल्या.

पुढं दादरला रद्दीवाल्याकडे मला त्याच कादंबरीची धड प्रत मिळाली. तिच्यात नायिका दवाखान्यातच मरते. मी प्रत त्यांच्यापुढं उघडून ठेवली.

"मेली होय?" वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले. "मला दुसरी प्रत मिळालीच नाही. आणि रविवार तर तोंडावर आलेला."

"मग आता पान बदलायचं ना?"

"कशाला? आपल्याकडे ती घरी पोचलीये."

त्यांनी माझ्याच प्रतीवर ‘फक्त संदर्भासाठी’ असा शिक्का मारला आणि ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.