रविवारचे आकडे

माझा थोरला भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात टाक्यांचं स्प्रे पेंटिंग करतो. गेल्या हिवाळ्यात त्याला धाप लागू लागली. लहानपणी असा काही त्रास नव्हता. घरच्यांनी कबुतरांवर ठपका ठेवला आणि कर्वेनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी बसवली. धाप कमी झाली नाही.

दमा कामामुळे जडला असावा, असा छातीच्या डॉक्टरांना संशय होता. त्यांनी फुंकायची एक नळी दिली. छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं, काटा कुठे थांबतो ते बघायचं. दर खेपेला तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. असं दिवसातून चार वेळा, काही आठवडे, कामावर आणि घरीही. सुट्टीत आकडे चढले आणि कामावर उतरले, तर कारण कारखान्यात. जेवणाच्या वेळी तो फुंकायला लागला की मित्र विचारत, "काय रे, पिपाणीचा क्लास लावलास?"

पुढच्या भेटीला वहिनी आणि मीही गेलो. त्याच तरुण डॉक्टरांनी आकड्यांचा आलेख काढला होता. प्रत्येक रविवारभोवती लाल चौकट होती.

"सुट्टीतही आकडे खालीच आहेत. कामाचा संबंध दिसत नाही."

भावाचा चेहरा खुलला. रंगकाम सुटणार नव्हतं.

वहिनी आलेखाकडे बघत होती. "अहो डॉक्टर, रविवारी हे कामावर असतात. यांना सुट्टी गुरुवारी."

भोसरीच्या कारखान्यांत पूर्वी गुरुवारी वीज बंद ठेवत. सुट्टीचा वार तेव्हापासून तोच आहे.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

डॉक्टर हसले. त्यांनी गुरुवारांभोवती नव्या चौकटी काढल्या. प्रत्येक चौकटीत रेघ वर गेली होती. शुक्रवारी ती पुन्हा खाली येत होती.

"आणखी तपासण्या करू. पण रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळता त्या हार्डनरवर माझा संशय आहे. त्यापासून लांब राहावं लागेल."

"मी मास्क लावतो की."

"तो लावूनच हे आकडे आलेत ना?"

टाकीवर एकही ओघळ न येऊ देता रंग मारणारे त्याच्या डिपार्टमेंटला दोघेच होते. त्यातला एक तो. त्याने नळी उचलली आणि फुंकलं. काटा कालच्याच जागी थांबला. पुन्हा फुंकायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. वहिनीने नळी काढून घेतली.

"कंपनीला लिहा, डिपार्टमेंट बदला म्हणून," तो म्हणाला. "पण असेंब्लीत घाला म्हणावं. पॅकिंगला मी बसणार नाही."

"आधी त्यांना लिहू तरी द्या," वहिनी म्हणाली.