पाटावरची बासरी

देव आहे की नाही हा वाद मी कधी घातला नाही. आमचं पोटच त्याच्या दारात भरत होतं. जळगावला मेहरूणच्या तळ्याकडे आमचं घर. पहाटे कृष्णाच्या देवळात बासरी, मग घरी शिकवणी, आणि लग्नसराईत बँडात पिकोलो. पिकोलो म्हणजे जेमतेम दीड वीत लांबीची विलायती बासरी. दिसायला चिमुकली, पण सगळ्या ढोलताशांच्या डोक्यावर बसून बोलणारी. नवरदेव उशिरा आला तरी चालेल, पिकोलोवाला वेळेवर पाहिजे, असं बँडमास्तर चारचौघांत म्हणायचे आणि मी उगाच फेटा नीट करायचो. अशा ऐटीत वर्षं चालली होती. मग लढाईच्या दिवसांतल्या एका हिवाळ्यात सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड वाकडं झालेलं.

वैद्य झाले, दवाखाना झाला, शेजारणीने सांगितलेला जायफळाचा लेपही झाला. बोलणं सुधारलं, जेवण जमू लागलं, पण फुंकर काही जमेना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची आणि बासरीतून नुसती फुसफुस. पिकोलो बँडमास्तरांची होती, ती परत केली. शिष्यांना म्हटलं, बाबांनो, दुसरा गुरू बघा. देवळात जाणं सोडलं. पुजारीबुवा स्वतः घरी आले तेव्हा मी फटकन बोललो, की ज्याच्यासाठी वाजवत होतो त्यालाच नको असेल तर मी कशाला येऊ? ते गरीब बिचारे चहा पिऊन गेले. मला राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. लहानपणापासून ही एकच गोष्ट येत होती. ती गेली तर माझं काय उरलं, हे मला समजत नव्हतं.

श्रावण आला. आमच्या कुळाची देवी कानबाई धुळ्याला नानांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाकडे बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोरलं घालून तिला पाटावर मांडायचं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. तिच्या प्रसादाचा रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, म्हणून आम्ही भाऊबंद कुठेही असलो तरी त्या दिवशी धुळं गाठतोच. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, देवावर रुसलात ते रुसलात, रोटावर कशाला रुसता? निघालो. चाळीसगावला गाडी बदलताना तिने पिशवीतली बासरी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. तिला काय सांगणार? कानबाईबरोबर बासरीही पांझरा नदीत सोडून द्यायची, असं मी ठरवून आलो होतो. बांबू पाण्यात बुडत नाही, तरंगतो, हेसुद्धा मला सुचलं नव्हतं. धन्य माझी!

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. गल्लीगल्लीतून कानबाया येऊन मिळत होत्या, बायका फुगड्या घालत होत्या. आमची कानबाई नानांच्या सुनेच्या डोक्यावर पुढे गेली आणि मी मुद्दाम मागे राहिलो, बासरी काढून हातात धरली. तेवढ्यात दुसऱ्या गल्लीतली एक म्हातारी, डोक्यावर कानबाईचा पाट घेतलेली, माझ्याशेजारी येऊन थांबली. माझी तिची ओळख ना पाळख. हातातल्या बासरीकडे बघून ती म्हणाली, "वाजाड."

मी तोंडाकडे बोट दाखवलं. हे तोंड गेलंय अक्का, यातून सूर निघत नाही, असं सांगितलं. ती हलली नाही. कानबाई थांबली म्हटल्यावर तिच्या मागच्या बायकाही थांबल्या, ताशेवाल्याचा हात थांबला, आणि बघता बघता सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"जसं निंघी तसं निंघी, भाऊ," ती म्हणाली. "मी आठेच उभी शे."

एवढं ओझं डोक्यावर घेऊन म्हातारी उन्हात उभी आहे म्हटल्यावर काय करणार? डावा गाल तळहाताने दाबून धरला, एकट्या उजव्या हाताने बासरी ओठाला लावली. वरची सगळी भोकं उघडी, म्हणजे एकच सूर वाजणार. आधी फुसफुस झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा फुंकलं. मग तो निघाला, घोगरा, थरथरता, माझ्या शिष्याने काढला असता तर मी त्याला पुन्हा काढायला लावला असता असा. पण बायकांनी तोच सूर धरला आणि गाणं सुरू केलं. म्हातारी चालायला लागली. मी गाल धरून तिच्याबरोबर नदीपर्यंत एकच सूर वाजवत गेलो आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

नदीवर तिने कानबाईला निरोप दिला. पाट रिकामा परत न्यायचा नसतो, म्हणून त्यावर नदीतली वाळू घेतली. मग माझ्या हातातली बासरी अलगद काढून त्या वाळूवर ठेवली आणि पाट पुन्हा डोक्यावर घेतला. मी सोडून द्यायला आणलेली वस्तू माझ्यासमोर घरी परत निघाली होती. मी तिच्या मागे गेलो. तिच्या दारात हळदकुंकू लावून तिने ती मला परत दिली. दुसऱ्या दिवशी पाया पडायला गेलो, तर ती हसली. म्हणाली, मान भरून आली होती, जरा थांबायचं होतं, तुझ्या हातात बासरी दिसली म्हणून वाजवायला सांगितलं, एवढंच. असेलही. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

तोंड पुढे हळूहळू सुधारलं. पूर्वीसारखं नाही झालं, पिकोलो पुन्हा झेपली नाही. शिष्य मात्र परत आले, आणि त्यांची फुसफुस मी आता शांतपणे ऐकून घेतो. देवळात परत गेलो त्या पहाटे पुजारीबुवांनी नुसता दिवा पुढे सारला. आयुष्यभर मी देवाला चांगलं ते वाजवून दाखवत होतो. वाईट असेल तेही त्याला चालतं, हे मला त्या म्हातारीकडून कळलं. थंडीच्या दिवसांत अजून कोपऱ्यातून हवा निसटते. तेव्हा मी गाल दाबून धरतो आणि जसा निघेल तसा तो एक सूर त्याच्यासमोर ठेवतो.