गारव्याशी भांडलेली मेहरून

इम्तियाजचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. इम्तियाज म्हणजे डॉ. मेहरूनचा भाचा; त्याच्याच घरी ती राहायची. "सुमनमावशी, फुपी गेल्या," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "कुठं गेली?" कारण मेहरून म्हणजे कुठंतरी निघालेलीच असायची, वेल्ह्याच्या बाजाराला, नाहीतर हिर्डोशीच्या एसटीला... त्यानं दफनाची वेळ सांगितली, तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात पेपरात चार ओळी आल्या, 'शांत, मनमिळाऊ, सेवाभावी डॉक्टर'. वाचून माझं डोकंच फिरलं. शांत? मेहरून? भोरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हापासून ती शांत बसल्याचं मला तरी आठवत नाही. ती भांडायची. ज्या भांडणामुळं शिवऱ्याच्या वाटेवरची कितीतरी माणसं वाचली, त्याची एक ओळ कुणी छापली नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे.

मोबाईल नुकते कुठं लोकांच्या खिशात दिसू लागले होते, त्या वर्षांतला एक उन्हाळा. माझा धाकटा भाऊ दिलीप शिवऱ्यापाशी हायवेला उसाच्या रसाची गाडी लावायचा. मागंच एक बर्फाचा कारखाना होता. त्याच्या छपरावर उंच लाकडी मनोरा. यंत्राचं तापलेलं पाणी त्यातून खाली पाडून गार करायचे, आणि त्याचा बारीक फवारा वाऱ्याबरोबर भिंतीबाहेरच्या चिंचेखाली यायचा. वैशाखात तिथं बसणं म्हणजे सुखच हो! म्हातारे पत्ते कुटायचे, बाया मेथीच्या जुड्या बांधायच्या, ड्रायव्हर लोक खाट मागून आडवे व्हायचे. दिलीपनं गाडी मुद्दाम तिथंच नेऊन लावली होती. "आक्का, फुकटचा एशी हाय ह्यो," म्हणायचा. आम्हालाही त्याचं कौतुकच होतं.

मग एकेक माणूस पडायला लागला. सणकून ताप, खोकला, धाप, वर जुलाब, आणि माणूस काहीच्या बाही बरळायचा. जुलाब म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. तालुक्याहून जीप आली, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर पडली, भोंग्यावरून 'पाणी उकळून प्या' झालं. लोकांनी बिचाऱ्यांनी उकळलं. माझी भावजय शैला तर उकळून, गाळून, वर तुरटी फिरवून पाणी भरायची. तरीही पत्त्याच्या डावातले तात्या गेले, आणि दिलीप आडवा झाला. त्याला भोरला मेहरूनच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तो मला ओळखेना. माझ्याकडं बघून म्हणत होता, "रस घ्या ताई, गार रस..."  आईबापामागं मी वाढवलेला भाऊ तो.

नेहमीची इंजेक्शनं लागू पडत नव्हती. मेहरूननं स्टूल ओढलं आणि शैलालाच धरलं. "तू पाणी कुठलं पितेस?"

"ह्यांच्याच हंड्यातलं."

"जेवतेस?"

"ह्यांच्यासंगंच की."

"मग तू कशी धडधाकट?"

शैला रडायलाच लागली. तिला वाटलं, आपल्यावर आळ आला. "अगं, तुला नाही बोलत," मेहरून म्हणाली, "त्या विहिरीतल्या पावडरीला बोलतेय." पलीकडच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता, त्यालाही तेच दुखणं. त्यानं गावचं पाणी तोंडाला लावलेलं नव्हतं, त्याचा कॅन गाडीतच असायचा. नुसता दुपारचा चिंचेखाली झोपला होता, मागच्या खेपेला. ते ऐकून मेहरून ताडकन उठली. "सुमे, आहे पाणीच. पण प्यालेलं नाही गं, श्वासातून आत गेलेलं!" लिजनेअर नावाचा आजार असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कोमट पाण्यात, शेवाळात जंतू वाढतो, फवाऱ्यातून छातीत उतरतो. माणसापासून माणसाला होत नाही, आणि शैला चिंचेखाली कधी बसायचीच नाही, म्हणून ती ठणठणीत. मेहरूननं त्या क्षणी औषध बदललं. दिलीप शुद्धीवर यायला वेळ लागला, पण आला.

दुसरी कुणी असती तर इथं हुश्श केलं असतं. पण फवारा चालूच होता आणि चिंचेखाली माणसं बसतच होती. मी शाळेत शिकवायचे, उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मीही मेहरूनबरोबर दारोदार हिंडले. ती प्रत्येकाला एकच विचारायची, दुपारचं कुठं बसता? आजारी पडलेले जवळजवळ सगळे त्या चिंचेचे. आम्ही तालुक्याच्या आरोग्यखात्याच्या साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, "पुरावा आणा." मेहरूननं मनोऱ्याचं पाणी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं, तर तिथून निरोप आला की हा जंतू तपासायची आमच्याकडं सोय नाही. साहेबांनी हात वर केले. "पुरावा येईस्तोवर काय मेलेली माणसं मोजत बसू?" ती अशी ओरडली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. वर साहेबांचा सल्ला असा, की बाईमाणसानं इतकं तापू नये!

शेवटी मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. कारखान्याच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. निम्म्या गावाच्या घरातलं कुणी ना कुणी त्यांच्याकडं कामाला, त्यामुळं सगळ्यांच्या माना खाली. शेठ हसत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तो काय विषारी धूर हाय व्हय? नुसता गारवा हाय. लोकं आशीर्वाद देत्यात मला." मेहरून म्हणाली, "मान्य. मग कारखाना बंद करा असं मी म्हणतच नाही. आज दुपारी चिंचेखाली एक खाट टाकू. तुम्ही बसा. मी पण बसते शेजारी. रोज बसू, आठवडाभर."

शेठनी घड्याळाकडं बघितलं. "मला पुण्याला जायाचंय."

"मग उद्या?"

 शेठ रुमालानं मान पुसत राहिले. आणि तेव्हा बायकांच्या घोळक्यातनं तात्यांची बायको उठली. पदर सावरला आणि म्हणाली, "बसा की मालक. आमचं माणूस रोज बसत व्हतं. तवा न्हाई कुनी म्हनलं उठा म्हनून."

माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. ज्यांच्या माना खाली होत्या त्या एकेक करून वर आल्या. कारखान्यातल्याच एकानं सांगून टाकलं, "आमी आत काम करतो, पण फवारा पडतो त्या अंगाला जात न्हाई. वास येतो त्येचा." दोन दिवसांत मनोरा उघडावा लागला. आतून शेवाळाचा बुळबुळीत गाळ पाट्या भरभरून निघाला, सगळ्या गावानं नाकाला पदर लावून बघितला. धुऊन, औषध टाकून, फवारा बाहेर येऊ नये अशा फळ्या ठोकल्यावरच मेहरून घरी गेली. नवीन माणसं पडायची थांबली. आणि सरकारदरबारी काय नोंद झाली, माहीत आहे? 'विहिरीत टीसीएल टाकल्याने साथ आटोक्यात.' मेहरूनला हे सांगितलं तेव्हा ती खो खो हसली, मग म्हणाली, "हसतेय म्हणून सोडून दिलं समजू नकोस." तिनं अर्जावर अर्ज केले, उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. साहेब, तुमचा कागद खोटा आहे. मी इथं माझ्या नावानिशी लिहिते, करा काय करायचं ते.

परवा तिला जाऊन चाळीस दिवस झाले, तिचा चाळिसावा झाला. इम्तियाजनं हॉल घेतला होता, उन्हाची काहिली, आणि कोपऱ्यात भाड्यानं आणलेला थोरला कूलर भरारा वारा फेकत होता. त्याचे शिंतोडे अंगावर येत होते, आणि म्हाताऱ्या बाया खुर्च्या ओढून अगदी त्याच्या तोंडाशी बसत होत्या. मी ताटावरून उठले. मागची टाकी उघडून आत हात घातला. बोटं बुळबुळली. मी बटण बंद केलं. लगेच कुरकुर सुरू झाली, अहो बाई, काय हे, उकडतंय! इम्तियाज धावत आला. "मावशी, सगळ्यांनाच काय होतंय का त्यानं? आज तरी राहू द्या ना..."

"आजच," मी म्हटलं.

 मग त्यानं पांढऱ्या झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या, खाली बसला आणि टाकी घासायला लागला. जेवणं होईपर्यंत सगळ्यांना भयंकर उकडलं. उकडू दे!