ड्रायरमध्ये बर्फ धरला तेव्हा

परवा टायरमध्ये हवा भरताना पंपाच्या नळीतून आधी गार पाणी उडालं, आणि मी ऐंशीच्या दशकातल्या आमच्या रत्नागिरीच्या कारखान्यात जाऊन पोचलो.

श्रावणातली दमट दुपार होती. कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी गारव्याने काढून टाकणारा ड्रायर माझ्याकडे होता. त्याच्या आत बर्फ धरला आणि पुढे जाणारी हवाच तुंबली. वरच्या मजल्यावर, तापलेल्या रसायनाच्या टाकीला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह त्याच हवेवर उघडायचा. तो मिटत चालला; पाणी थांबलं असतं तर टाकी फुटली असती. माझ्या ताईचे यजमान तिथे कामाला होते. ते हाताने चाक फिरवून तो उघडा धरून राहिले.

“भावोजी, खाली या,” मी ओरडलो.

“मी आलो तर हे कोण धरील? तू तुझं बघ.”

ड्रायर वगळून हवा पुढे सोडायची वाट होती, पण तिचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला. पाना लावून मी त्याला लोंबकळलो. शेवटी तो करकरला, ओली हवा सुसाटत निघाली आणि दाबाचा काटा चढला.

संध्याकाळी ताईने विचारलं, “आज दोघेही गप्प का?”

भावोजी म्हणाले, “भूक लागलेय.”

तेव्हा मला माझ्या जोराचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, मला पळायला निदान दार तरी जवळ होतं.