सुतकातला डंख

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर कुशाबाचा मसाल्याचा डंख आहे. लोखंडी मुसळं मोटरवर उचलली जातात आणि उखळात आपटतात, एवढंच ते यंत्र. पण मिरची टाकून निघून जाता येत नाही. मसाला कडेला चढतो, तो दर ठोक्याला आत लोटावा लागतो आणि मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर काढावा लागतो. कुशाबाची दहाही बोटं शाबूत आहेत. मी गिरणीत फिटर होतो. त्याचे पट्टे, बेअरिंग मीच बघतो, म्हणून हे सांगू शकतो.

भाजायचं काम त्याच्या बायकोचं, लक्ष्मीवहिनींचं. मिरची वेगळी, धणे वेगळे, खसखस सगळ्यात शेवटी. कुशाबा कढईकडे वळला की त्या ओरडायच्या, "तुम्ही तुमची मुसळं सांभाळा. हिकडे नाक खुपसू नका." डंखावर गिऱ्हाईक बाई आपल्या मसाल्यासमोर स्टुलावर बसून राहते, माल दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. वहिनी असल्या की बायका पिशवी टाकून खुशाल बाजाराला जायच्या.

दादरच्या एका हॉटेलला हे दोघं मसाला करून देत. हॉटेलला पक्कं बिल हवं होतं, म्हणून कुशाबाने जीएसटीचा नंबर काढला. लॉकडाऊनमध्ये हॉटेल कायमचं बंद झालं. कुशाबा शटर ओढून गावी गेला. परत आल्यावर फक्त चाळीतल्या बायकांचं कुटू लागला. नंबर त्याच्या लेखी संपला होता.

"गिरणी बंद झाली तेव्हा कोण आलं रे आपल्याला विचारायला?" तो मला म्हणाला. "टाळं लागलं, खेळ खलास."

गिरणगावात वाढलेला माणूस असंच समजतो. पण नंबर टाळ्याने बंद होत नाही. धंदा झाला नाही, हेसुद्धा दर वेळी भरून द्यावं लागतं. त्याने काहीच भरलं नाही, तेव्हा जीएसटीच्या ऑफिसने जुन्या धंद्यावरून अंदाजाने कर लावला. वर व्याज, वर दंड. नोटिसा नंबर काढताना दिलेल्या मेलवर गेल्या आणि तो मेल हॉटेलच्या हिशेबनिसाचा होता. कुशाबाला कळलं ते बँकेत, खातं गोठवल्यावर.

परळला टॅक्सची कामं करणारी मानसी म्हणून मुलगी आहे. तिने सगळं पाहिलं.

"काका, अपिलाची मुदत गेली. आपण हप्ते मागू, दोन वर्षं मिळतील. पण एक हप्ता चुकला तर उरलेलं सगळं एकदम भरायचं. नाही जमलं तर मशीन उचलतील."

"मशीन नेल्यावर मी काय दातांनी कुटू?"

मानसी हसली नाही. हप्ते मंजूर झाले.

त्यानंतर दोघांनी जे काम केलं ते मी रोज पाहिलं. पहाटे शटर वर, दुपारी जेवण उभ्याने. वहिनींना दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी मिरचीच्या धुरात बसू नका म्हणून सांगितलं होतं. त्या तोंडाला ओला पंचा बांधून बसायच्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, चार दिवस पडून राहा."

"भावजी, हप्ता पडून राहतो काय?"

एकही घाणा त्यांनी कच्चा उतरवला नाही. हप्तेही चुकले नाहीत.

गेल्या चैत्रात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, वहिनी गेल्या. दवाखान्याने हाताशी होतं ते सगळं नेलं. हप्त्याची तारीख तेराव्याच्या आत येत होती. सुतकातल्या घरी कोणी मिरची आणत नाही आणि सुतक असलेला माणूस दुसऱ्याचं अन्न कुटत नाही. कुशाबाने वहिनींची कढई घासून उपडी ठेवली आणि शटर ओढलं. मी माझ्याकडचे पैसे पुढे केले. त्याने परत ढकलले.

"तुझे घेतले तर तुझा हप्ता सुरू. माझ्यात आता दोन ओढायचं बळ नाही."

"मग मशीन जाईल."

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतल्या कमळाबाई आल्या. सोबत त्यांची सून प्रीती, दोघींच्या हातात जड पिशव्या. त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि बंद शटरसमोर बसल्या.

"कुशाभाऊ, उघड."

"कमळाबाई, मी सुतकात आहे."

"तू आहेस. आमच्यात सुतक-विटाळ नाही. बाबासाहेबांनी सोडवलं आम्हाला त्यातून. आमच्या अख्ख्या मजल्याचा मसाला आणलाय. घरी भाजून आणलाय. लक्ष्मीची कढई मी मांडणार नाही."

"तिचं तेरावं नाही झालं. लोक काय म्हणतील?"

"लोक हप्ता भरणार आहेत का? ती धाप लागेपर्यंत भाजत बसली, ती हा डंख वाचावा म्हणून. आता तू तो भंगारात घाल."

 कुशाबाने किल्ली काढली.

मी पट्टा ताणून दिला. मोटर सुरू झाली. चाळीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि लगेच बंद झाल्या. कुशाबा मसाला आत लोटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीत ते सगळ्यांच्याच वाहतं, म्हणून कोणी काही म्हणालं नाही. कमळाबाईंच्या चाळीतून पिशव्या येत राहिल्या. हप्ता वेळेवर गेला.

तेराव्याला मात्र त्याच्या गाववाल्यांपैकी मोजकेच आले. एक म्हातारा तोंडावर म्हणाला, "बायकोपेक्षा सरकार मोठं झालं तुला." कुशाबाने त्याला पाणी दिलं. न आलेली घरं पुढे मसाला घेऊन दुसऱ्या डंखावर जाऊ लागली.

शेवटचा हप्ता यंदा फेडला. मानसीने फोन करून सांगितलं, "काका, सुटलात. नंबरही रद्द झाला." कुशाबा बरं म्हणाला आणि मुसळं पुसायला लागला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

तेवढ्यात एक नवीन बाई पिशवी घेऊन आली.

"इथे भाजून, कुटून देतात ना?"

कुशाबाने उपड्या कढईकडे पाहिलं.

"कुटून देतो," तो म्हणाला. "भाजून आणा."

बाई जरा थांबली आणि पिशवी उचलून पुढच्या डंखाकडे गेली.