घागर वर्गात

जळकोटच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात कमलम्मा शिकायला आली होती आणि महिना उलटला तरी पाणीच भरत होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गावोगावच्या बायकांना साध्या दुखण्यांवरचे उपचार शिकवायचे आणि त्यांनाच गावात आरोग्य रक्षक म्हणून नेमायचं, म्हणून सरकारनं पैसा दिला. बायका आल्या, त्यांचा भत्ताही आला. शिकवणारा माणूस मात्र आला नाही. तो जुन्या जिल्ह्याचा की नव्याचा, हेच ठरत नव्हतं. त्यात दुष्काळ. दवाखान्याची विहीर आटलेली. डॉक्टरसाहेबांनी बायकांना टँकरवर धाडलं. घागरी आधी त्यांच्या क्वार्टरवर, मग दवाखान्यात.

"सरकार भत्ता देतंय. बसून खायचा का?" ते म्हणत.

तिच्याबरोबर शिकायला आलेली साखराबाई हसण्यावारी न्यायची. "गावात फुकट भरत होतो, इथं पगारी भरून राहिलो. बढती झाली की गं!"

कमलम्माला हसू येत नसे. गेल्या उन्हाळ्यात तिची लेक हगवणीनं गेली होती. पाणी दिलं की हगवण वाढते, असं गावात सगळेच मानत. पोरगी पाण्याकडं बोट दाखवत राहिली आणि घरच्यांनी पाणी नजरेआड केलं. आता पुन्हा गढूळ पाण्यानं लेकरं आजारी पडत होती. लोक तिच्याच दारात येणार होते. काय सांगणार होती ती त्यांना?

आणि एका सकाळी डॉक्टरसाहेब म्हणाले, "सोमवारी प्रमाणपत्रं घ्या आणि जा. शिकवणारे आले की पुढचं बघू."

त्या दिवशी कमलम्मा क्वार्टरकडं वळलीच नाही. भरलेली घागर तिनं शिकवणीसाठी राखलेल्या रिकाम्या वर्गात टेबलावर आदळली आणि समोर बसली.

डॉक्टरसाहेब धावत आले. "घरी स्वैपाक खोळंबलाय, बाई!"

"खोळंबू द्या. हगवणीच्या लेकराला काय द्यायचं, ते सांगा."

"नाव काढून टाकीन."

"काढा. पर आधी सांगा. आमी पाणी भराया आलो न्हाई."

साखराबाई घागर घेऊन आत आली. मागोमाग बाकीच्या. डॉक्टरसाहेब तणतणत निघून गेले.

दवाखान्यातली नर्स गौसिया इतके दिवस मान खाली घालून होती. तिनं स्टोव्ह पेटवला, पाणी उकळून गार केलं. मोठ्या भांड्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर घालून ढवळलं.

"चाखून बघायचं. आसवांपेक्षा खारट नको. मग घोट घोट पाजत राहायचं. पाणी तोडायचं नाही."

"आन् पुढं?"

"बस, इतकंच. नाहीच उतार पडला, तर लगेच दवाखान्यात आणायचं."

"मीठ-साखर?" कमलम्मा उठून उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "इतकंच व्हतं? मग महिनाभर तुमी बी गप का व्हता, सिस्टर?"

गौसियानं पेला भरून तिच्यापुढं धरला.

कमलम्मानं एक घोट घेतला, चव जिभेवर धरून ठेवली. मग पायांत चपला सरकवल्या आणि भर उन्हात गावाची वाट धरली. सोमवारपर्यंत थांबण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.